मुरुडहून समरकंद किती मुक्काम?

महाराष्ट्रात ठळक मुरुडं तीन. एक जंजिऱ्याचं, एक दापोलीजवळचं आणि एक आमचं. पहिल्या दोघांना समुद्र आहे, आम्हाला लातूर-बार्शी रस्ता आहे. पुण्यात कुणाला गाव सांगितलं की तो हमखास म्हणतो, "वा, म्हणजे ताजे मासे!" आमच्याकडे ताजा मिळतो तो हुरडा, तोही हिवाळ्यात.

गेल्या हिवाळ्यात अशाच हुरड्याच्या आगटीजवळ भाच्याने विचारलं, "मामा, उगं हो की नाही एवढंच सांगा. इथून समरकंदला जमिनीवरून जाता येतं का?" अभियांत्रिकी संपलेली, नोकरी लागायला सहा-आठ महिने, पाठीवर एक सॅक घेऊन आशिया ओलांडायचा बेत. मी "नाही" म्हणालो. नंतर नकाशा उघडून बसलो, तेव्हा लक्षात आलं की उत्तर इतकं सोपं नाही.

आधी अंतर पाहू. मुरुडहून समरकंद सरळ रेषेत सुमारे अडीच हजार किलोमीटर भरतं. अरुणाचलचं पूर्वेकडचं टोक आपल्यापासून जवळपास तितकंच लांब आहे. तिकडे जायला कुणी धाडस म्हणत नाही, दोन-तीन गाड्या बदलून माणूस पोचतो. मग समरकंद परग्रहावर असल्यासारखं का वाटतं?

मला वाटतं, आपण अंतर मोजतो किलोमीटरमध्ये आणि जमिनीवरचा लांबचा प्रवास किलोमीटरमध्ये मोजायचाच नसतो. तो मुक्कामांत मोजायचा असतो. हे नवीन नाही. मुरुडहून ढोकीमार्गे तासाभराच्या आत तेर येतं. संत गोरोबाकाकांचं तेर. तेच प्राचीन तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तकडच्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने सागरी व्यापाराची जी वाटाडी-वही लिहिली, 'पेरिप्लस' या नावाने ओळखली जाणारी, तिच्यात तगरचा उल्लेख आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला पैठण वीस दिवसांवर आणि पैठणपासून पूर्वेला तगर साधारण दहा दिवसांवर, असं तो लिहितो. पैठणहून रंगीत मौल्यवान दगड आणि तगरहून साधं जाडंभरडं कापड, तलम मलमल हे सगळं गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून भडोचला जायचं. या वर्णनात मैलांचा आकडा नाही. दिवस आहेत.

मी गंमत म्हणून पट्टी लावली. पैठण ते तेर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे दहा दिवसांत रोज पंधरा. भडोच ते पैठण साडेतीनशेच्या घरात, म्हणजे वीस दिवसांत रोज सतरा-अठरा. वळणं, घाट, नदीचे उतार धरले तर रोजची मजल वीस किलोमीटरच्या पुढे-मागे. आता शेगावहून पंढरपूरला निघणारी गजानन महाराजांची पालखी घ्या. कळंब, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर करत ती महिनाभरात सुमारे सातशे किलोमीटर चालते. रोजचे वीस-बावीस. दोन हजार वर्षांत बैल गेले, डांबर आलं, पण माणसाच्या पायाची मजल तीच राहिली. दिंडीत व्यवस्था बघणाऱ्या माणसाला विचारलं की "किती लांब?", तर तो गावांची नावं सांगतो: इथे दुपारचं जेवण, इथे रात्रीचा मुक्काम, इथे पाण्याचा टँकर, या गावात दोन रात्री कारण कपडे धुवायचे असतात. आशिया ओलांडायचा आराखडा याहून फारसा वेगळा नसतो.

आणि हा मुलूख समरकंदपासून वाटतो तितका तुटलेला कधी नव्हता. मुरुड १९४८ पर्यंत ज्या निजामाच्या राज्यात होतं, त्या घराण्याचा मूळ पुरुष ख्वाजा आबिद समरकंदच्या परिसरातला. तो मोगल दरबारात चाकरीला आला आणि १६८७ मध्ये गोवळकोंड्याच्या वेढ्यात मारला गेला. त्याचा नातू पहिला निजाम. त्याच सुमारास औरंगजेबाच्या फौजेतल्या तुर्की सैनिकांच्या मागोमाग बुखाऱ्याजवळच्या गिजदुवान गावचे दोन नक्षबंदी फकीर दख्खनमध्ये पोचले: बाबा शाह पलंगपोश आणि बाबा शाह मुसाफिर. आपल्या संभाजीनगरची पाणचक्की आहे ना, ती बाबा मुसाफिरांच्या तकियाची. सहलीत आपण मुलांना चक्की दाखवतो, हौदातले मासे दाखवतो आणि शेजारची कबर कुणाची हे न विचारता बसमध्ये चढतो. त्या चक्कीच्या पिठावर फकीर आणि वाटसरू जेवत. मध्य आशियातून चालत आलेल्या माणसाला इथे आपली भाषा बोलणारा कुणी भेटे, छप्पर मिळे, पुढच्या वाटेची खबर मिळे. आजचं बॅकपॅकर हॉस्टेल यापेक्षा वेगळं काय करतं? त्यांच्या तकियातल्या आठवणी शिष्याने फारसीत लिहून ठेवल्या, म्हणून आपल्याला हे ठाऊक आहे. नावच 'मुसाफिर' असलेला हा माणूस उलट्या दिशेने तोच प्रवास करून आला, जो भाच्याला करायचा होता.

मग तीच वाट धरावी. लाहोर, पेशावर, खैबरखिंड, काबूल, बल्ख, अमुदर्या ओलांडली की बुखारा. भूगोलाच्या दृष्टीने आजही यापेक्षा सोपी वाट नाही. कुलूप आहे ते भूगोलावर नाही.

शंभर वर्षांपूर्वी पश्चिमेची ही सगळी बाजू उघडी होती. १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. बलुचिस्तान, इराण, इराक करत ते युरोपात शिरले. त्यातले तिघे, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, १८ मार्च १९२८ ला मुंबईत परतले. फाळणीनंतरही दार पूर्ण मिटलं नव्हतं. १९५७ मध्ये लंडनहून निघालेली एक प्रवासी बस पन्नासेक दिवसांत कलकत्त्याला पोचली, आणि पुढची वीसेक वर्षं लांब केसांची गोरी पोरं इस्तंबूल-काबूल-दिल्ली करत गोव्यापर्यंत येत राहिली. १९७९ ने ते संपवलं. वर्षाच्या सुरुवातीला इराणात क्रांती, शेवटी अफगाणिस्तानात सोव्हिएत रणगाडे. समझोता एक्सप्रेस २०१९ च्या ऑगस्टमध्ये थांबली. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीचं फाटकही बंद झालं.

बाकीची दारं? उत्तरेला नेपाळ आपल्याला बिनव्हिसाचा, पण त्यापुढे तिबेट. तिथे परदेशी माणसाला परवाना, वाटाड्या आणि ठरलेला गट लागतो, एकट्याने सॅक घेऊन हिंडता येत नाही. त्यात ८ जुलै २०२५ च्या पुराने रसुवागढीचा नेपाळ-चीन मैत्रीपूलच वाहून नेला. पूर्वेला मणिपूरमधल्या मोरेहून म्यानमारमध्ये शिरण्याची सोय २०१८ मध्ये झाली होती, तेव्हा कितीजणांनी इथून थायलंडपर्यंत मोटारसायकली नेण्याची स्वप्नं पाहिली. २०२१ च्या फेब्रुवारीत तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि पुढे यादवी पेटली. टोकियोपासून तुर्कस्तानपर्यंत जाणारा आशियाई महामार्ग क्रमांक एक नकाशावर आजही मोरेहून आत येतो आणि अटारीहून बाहेर पडतो. कागदावरचा रस्ता अखंड आहे. भारत मात्र एकट्या वाटसरूच्या दृष्टीने बेट झालाय, फक्त तीन बाजूंना पाण्याऐवजी कुंपण आहे.

तेव्हा भाच्याला पहिली कडू गोळी दिली: एक विमान घ्यावंच लागेल. जमिनीवरूनच जायचं हे व्रत ठीक आहे, पण बेटावरून निघायला होडी लागतेच. ते विमान कुठे उतरवायचं, तिथून खरी आखणी सुरू होते.

सगळ्यात सोपा मोह म्हणजे सरळ अल्माटी गाठणं. कझाकस्तानने २०२२ च्या जुलैपासून भारतीयांना १४ दिवस बिनव्हिसा येऊ दिलंय. तिथून समरकंद दोन दिवसांवर. पण मग आशिया ओलांडला कुठे? ओलांडायचाच असेल तर क्वालालंपूर. मलेशिया २०२३ च्या डिसेंबरपासून आणि थायलंड त्याच्या महिनाभर आधीपासून आपल्याला व्हिसा मागत नाहीत. तिथून रेल्वेने बँकॉक, बँकॉकहून व्हिएंटिएन, तिथून चीनमधलं कुनमिंग, मग शिआन, उरुमची, कझाकस्तानची हद्द, अल्माटी, ताश्कंद, समरकंद. नऊ-दहा हजार किलोमीटर. अडीच हजारांच्या गावाला चौपट वळसा! बोट नकाशावर फिरवत भाचा म्हणाला, "म्हणजे शेजारच्या घरी जायला गावाला चक्कर." बरोबर. शेजाऱ्याशी बोलचाल बंद असली की असंच होतं.

या वाटेत मला सगळ्यात ओळखीचं वाटलं ते कुर्डुवाडी.

आमच्या वडीलधाऱ्यांना विचारा. बार्शी लाईट रेल्वेचा रूळ १९११ मध्ये लातूरला पोचला, तो अरुंद मापाचा, दोन फूट सहा इंचांचा. ढोकी, मुरुड, लातूर अशी ती गाडी ऊसतोडीच्या बैलगाडीला लाजवेल अशा संथपणे चालायची. मुंबईला जायचं तर कुर्डुवाडीला उतरायचं, गाठोडी, ट्रंका, पोरं सगळं खाली काढायचं आणि मोठ्या लायनीच्या गाडीत चढवायचं. ही उतरचढ २००७-०८ मध्ये रूळ रुंद झाले तेव्हा संपली. आमच्या आजोबांचा नियम होता: कुर्डुवाडीला एका माणसाला एका खेपेत जेवढं उचलता येईल तेवढंच सामान. सॅक भरण्याविषयी याहून चांगला नियम मी कुठे वाचला नाही.

आशियाभर अशी कुर्डुवाडी पसरलेली आहे. मलेशिया आणि थायलंडचे रूळ एक मीटरचे. २०२१ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेली लाओस-चीन रेल्वे १४३५ मिलिमीटरची, म्हणजे चीनच्या मापाची. त्यामुळे बँकॉकची गाडी व्हिएंटिएनला एका स्टेशनात येते आणि कुनमिंगची दुसऱ्या स्टेशनातून सुटते. मधला टप्पा सामान घेऊन रिक्षाने. कुनमिंगपर्यंतचे १०३५ किलोमीटर मग एका दिवसात सरतात, बोगद्यामागून बोगदा. पुढे चीन संपून कझाकस्तान लागलं की जुन्या सोव्हिएत मुलखाचं माप, १५२० मिलिमीटर. तिथे माल एका गाडीतून दुसरीत चढवतात, प्रवासी डबे असतील तर डबा उचलून खालची चाकं बदलतात. आणि आपलं माप १६७६, या सगळ्यांपेक्षा रुंद. रूळ कुणी कुणाला जोडायचे होते आणि कुणाला मुद्दाम जोडायचे नव्हते, ते या आकड्यांत दिसतं. नियोजनाच्या दृष्टीने यातून घ्यायचं एवढंच: जिथे रूळ बदलतो तिथे एक रात्र मुक्काम धरायचा. त्याच दिवशी पुढची गाडी पकडू म्हणणारा माणूस एकतर गाडी चुकवतो नाहीतर सामान.

आता कालदर्शिका. इथे बहुतेक बेत फसतात, कारण माणसं निघण्याच्या तारखेपासून पुढे मोजतात. मोजायचं शेवटून मागे. समरकंदला उन्हाळ्यात चाळीस दिवस असा काही भाजणारा काळ येतो की तिथे त्याला 'चिल्ला'च म्हणतात. २५ जूनपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत. चाळीसचा हा फारसी शब्द आमच्या मराठवाड्यात दर्ग्याच्या चाळीस दिवसांच्या साधनेमुळे अनेकांना ठाऊक आहे. म्हणजे समरकंद मेअखेर गाठायला हवं. त्याआधी अल्माटी मेच्या सुरुवातीला. त्याआधी तुर्फान, समुद्रसपाटीच्याही खाली असलेली खोलगट भट्टी, ती एप्रिलमध्येच उरकायची. कुनमिंगचा युन्नान प्रांत मार्चमध्ये. उत्तर लाओसमध्ये मार्च-एप्रिलला डोंगरउतारावरची शेतं जाळतात, धुराने डोळे चुरचुरतात, म्हणून तिथून फेब्रुवारीतच निघायचं. आणि चिनी नववर्षाच्या आसपासच्या आठवड्यांत चीनमधल्या गाड्यांचं तिकीट मिळणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात लॉज मिळण्यासारखं. ते नववर्ष जानेवारीच्या उत्तरार्धात नाहीतर फेब्रुवारीत येतं, त्या वर्षीची तारीख पाहायची. असं मागे मागे येत आपण माघ महिन्यात मुरुडच्या बसथांब्यावर उभे राहतो. माघी वारी झाली की निघायचं, हे तीथ-वार बघणाऱ्या आजीनेही मान्य केलं.

ऋतूंच्या या माळेत व्हिसाचे मणी ओवायचे. चीनने भारतीयांना पर्यटक व्हिसा २०२५ च्या जुलैत पुन्हा द्यायला सुरुवात केली, पण तो साधारणपणे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत वापरायचा असतो. म्हणजे खूप आधी काढूनही चालत नाही. उझबेकिस्तानचा ई-व्हिसा तीस दिवसांचा, तो वाटेतूनच काढता येतो. कुणाला समरकंदवरून पुढे युरोप गाठायचा असेल तर गाठ आणखी घट्ट. शेंगेन व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या तारखेआधी सहा महिन्यांहून लवकर करता येत नाही, आणि तो आपण राहतो त्याच देशातून करायचा असतो. थोडक्यात, घरून अर्ज करून निघालेला माणूस सहा महिन्यांत युरोपच्या दारात पोचलाच पाहिजे. तुर्कस्तानचा ई-व्हिसाही भारतीयाला असा एखादा शेंगेन, ब्रिटन किंवा अमेरिकेचा व्हिसा हातात असेल तरच मिळतो. कॅस्पियन समुद्र बोटीने ओलांडून बाकूला उतरण्याची जुनी युक्ती मोडीत निघालीय, कारण अझरबैजानने २०२० च्या मार्चपासून जमिनीची आणि समुद्राची वाट प्रवाशांना बंद ठेवलीय. इराणने तर कमाल केली. २०२४ च्या फेब्रुवारीत भारतीयांना बिनव्हिसा प्रवेश दिला, पण फक्त विमानाने येणाऱ्यांना, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये तोही मागे घेतला. म्हणून या परिच्छेदातली एकही ओळ पाठ करू नका. निघायच्या आठवड्यात त्या त्या वकिलातीचं संकेतस्थळ स्वतः पाहायचं, दलालाच्या शब्दावर जायचं नाही.

हवेतही दारं असतात, हे भाच्याला परतीचं तिकीट शोधताना कळलं. ताश्कंदहून दिल्ली विमानाने तीनेक तास. पण २०२५ च्या एप्रिलअखेर पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा वळसा इतका लांबला की भारतीय कंपनीला ताश्कंद आणि अल्माटीच्या फेऱ्याच थांबवाव्या लागल्या. ज्या वाटेने बाबा मुसाफिर पायी आले, तिच्यावरून विमानही जाईना.

पैशांबद्दल थोडक्यात. गोडसे भटजी १८५७ मध्ये वरसईहून उत्तरेत निघाले ते कर्ज फेडायला, दक्षिणा मिळवायला. परत आले तेव्हा वाटेतल्या लुटालुटीत बरंच गमावून, पण गंगेची कावड शाबूत ठेवून. त्यांच्यासारखा कमरेला कसा बांधायची गरज नाही, पण तत्त्व तेच: सगळं एका जागी नको. दोन कार्डं दोन ठिकाणी, थोडे डॉलर तिसऱ्या ठिकाणी, आणि नोटा नव्या, न दुमडलेल्या. मध्य आशियात किंचित फाटलेली नोटही लोक बोटाने बाजूला सारतात. चीनमध्ये रोख पैसे काढले की दुकानदारच गोंधळतो. तिथे फोनवरचं पेमेंट घरूनच जोडून घ्यायचं.

खाण्याचं म्हणाल तर कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. कडक भाकरी महिनाभर टिकते, मोडली तरी बिघडत नाही. समरकंदला भट्टीच्या भिंतीला थापून भाजलेली गोल रोटी मिळते, तिला ते 'नोन' म्हणतात. संभाजीनगरच्या नान-खलियातल्या नानचंच ते माहेर. शाकाहारी माणसाने मात्र 'गोश्त नको' हे वाक्य रशियनमध्ये पाठ करावं आणि तरीही पुलावात मटणाची चरबी निघाली तर फार मनावर घेऊ नये.

सगळा आराखडा झाल्यावर मी भाच्याला एकच परीक्षा सांगितली. नेणार आहेस ते सगळं सॅकमध्ये भर आणि मुरुडहून तेरला चालत जा. रात्री गोरोबाकाकांच्या देवळात मुक्काम कर, सकाळी चालत परत ये. तगरचा जुना व्यापारी ज्या गतीने चालला असेल त्या गतीने. दुसऱ्या दिवशी दुपारी तो लंगडत आला. टाचेला फोड, खांद्यावर पट्ट्याचे वळ. सॅक ओसरीवर उलटी केली आणि एकेक वस्तू बाजूला काढू लागला. जाड जॅकेट, दोन जीन्स, तीनशे पानी पुस्तक, ट्रायपॉड, शॅम्पूची मोठी बाटली. आजीने ढीग बघितला, म्हणाली, "एवढं घेऊन कुर्डुवाडीला गाडी कशी बदलला असतास रं?"

आता सॅक नऊ किलोंवर आलीय. चटणीचा डबा तेवढा कमी करायला तो तयार नाही.